गोनाच्या आधी, गोनाच्या नंतर

कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संग्रहात ए२०-१०३ या क्रमांकाचे एक विमान आहे. त्याच्या जातीचे नाव विरावे. एकामागे एक अशी दोन माणसांची बैठक, तिच्यावर लांबट काचेचे छत, पंख खालच्या अंगाला जोडलेले, पुढे नऊ सिलिंडरांचे गोल इंजिन आणि तीन पात्यांचा प्रोपेलर. या जातीची ७५५ विमाने १९३९ ते १९४६ या काळात मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड भागातल्या कारखान्यात तयार झाली आणि त्यांतली बहुतेक पुढे भंगारात गेली. ए२०-१०३ जपले गेले ते एका दिवसामुळे. २६ डिसेंबर १९४२ रोजी न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, गोनाजवळ, या विमानाने एक जपानी लढाऊ विमान पाडले. वैमानिक होते जॉन आर्चर आणि मागे निरीक्षक म्हणून लेस कोल्स्टन. टेहळणीच्या फेरीत त्यांना आपल्या खालून जाणारे जपानी विमान दिसले. आर्चर यांनी सूर मारून गोळ्या झाडल्या आणि ते विमान समुद्रात कोसळले. ते झीरो या जातीचे जपानी लढाऊ विमान असल्याचे त्या वेळी मानले गेले. पुढे ते जपानी लष्कराचे नाकाजिमा की-४३ असल्याचे निष्पन्न झाले. अमेरिकेने आर्चर यांना सिल्व्हर स्टार हे पदक दिले. विरावेने शत्रूचे विमान हवेत पाडल्याचा हा एकमेव प्रसंग मानला जातो आणि ए२०-१०३ ची ओळख आजही त्याच प्रसंगावरून करून दिली जाते.

एखाद्या विमानाची कीर्ती एका झटापटीवर उभी राहणे यात नवे काही नाही. विरावेच्या बाबतीत मात्र ती कीर्ती दिशाभूल करते, असे माझे म्हणणे आहे. हे विमान त्याच्या सगळ्या आयुष्यात मुख्यतः शिकवत होते. त्याने दोन प्रकारची माणसे घडवली: ज्यांनी ते उडवले ती आणि ज्यांनी ते बनवले ती. शिकवण्याच्या कामात डोळ्यांत भरणारा क्षण नसतो. तीच चूक शंभर वेळा दुरुस्त करणे, तोच उतरण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेणे, हे त्याचे स्वरूप. फलकावरच्या चार ओळींत ते मावत नाही. गोनाची हकिगत मावते. सांगायला सोपी म्हणून ती मुख्य हकिगत ठरली आणि तिच्याआड दोन मोठ्या गोष्टी गेल्या: विरावेची खरी कामगिरी, आणि शिकवणाऱ्या विमानाला लढाईत लोटणाऱ्यांची चूक.

कारखान्यापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण या विमानाआधी ऑस्ट्रेलियात विमाने घाऊक प्रमाणावर बनवणारा असा उद्योगच नव्हता. १९३४ साली बीएचपी या पोलाद कंपनीचे सूत्रधार एसिंग्टन लुईस जपानचा दौरा करून परतले, ते तिथली औद्योगिक आणि लष्करी तयारी पाहून अस्वस्थ होऊनच. युद्ध आले तर ब्रिटनमधून विमाने वेळेवर पोहोचणार नाहीत, ती इथेच बनवायला हवीत, असा आग्रह त्यांनी धरला. बीएचपी, जनरल मोटर्स-होल्डन, आयसीआय आणि आणखी काही कंपन्या एकत्र आल्या आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन स्थापन झाली. तिची धुरा आली लॉरेन्स वॅकेट यांच्याकडे. पहिल्या महायुद्धात उडालेले, हाताने काम करणारे, हट्टी आणि कल्पक असे हे इंजिनिअर. जुलै १९१८ मध्ये फ्रान्समधल्या हामेलच्या लढाईत पुढच्या फळीतल्या सैनिकांना विमानातून पॅराशूटने दारूगोळा टाकण्याची युक्ती त्यांनीच सिद्ध केली होती. वॅकेट यांच्या नेतृत्वाखाली वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांनी १९३६ साली युरोप आणि अमेरिकेतले कारखाने पाहिले आणि नॉर्थ अमेरिकन कंपनीचे एनए-१६ या कुळातले विमान निवडले. मुळात ते प्रशिक्षणाचे विमान होते.

या निवडीवरून वाद पेटला. साम्राज्यातल्या देशाने ब्रिटिश आराखडा सोडून अमेरिकन घ्यावा हे ब्रिटिश उत्पादकांना आणि त्यांच्या बाजूच्या राजकारण्यांना रुचले नाही. १९३८ साली ऑस्ट्रेलियाच्या वायुदलाची तपासणी करायला आलेले ब्रिटिश वायुदलाचे मार्शल सर एडवर्ड एलिंग्टन यांनीही आपल्या अहवालात हे विमान तात्पुरती सोय म्हणूनच चालवून घेता येईल, कारण ते मूळचे वरच्या टप्प्याचे प्रशिक्षण विमान आहे, असा शेरा मारला. शेरा खरा होता. वॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होता. जगातले सर्वांत वेगवान विमान कोणते, यापेक्षा ज्या देशात असे कारागीर अजून तयार व्हायचे आहेत तिथे कोणते विमान पूर्णपणे, त्याच्या इंजिनासकट, बनवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. एनए-१६ धातूचे होते, एकपंखी होते, चाके पोटात घेणारे होते, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत लागणारे सगळे तंत्र त्यात होते. आणि तरीही ते नव्या कारखान्याला झेपेल इतके साधे होते. प्रॅट अँड व्हिटनीचे ६०० अश्वशक्तीचे वास्प इंजिनही परवाना घेऊन तिथेच बनू लागले. २७ मार्च १९३९ रोजी पहिले विरावे उडाले, जुलैत वायुदलाच्या हाती पडले आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. हे नाव एका आदिवासी भाषेतून घेतलेले, अर्थ आव्हान. घाऊक प्रमाणावर बनलेली पहिली ऑस्ट्रेलियन मोटार, होल्डन, रस्त्यावर आली ती नोव्हेंबर १९४८ मध्ये. मोटारीच्या आधी नऊ वर्षे हा देश इंजिनासह विमान बनवत होता. ए२०-१०३ समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट कळली तरी त्याची त्या यंत्राकडे पाहण्याची नजर बदलेल.

आता उडवणाऱ्यांकडे वळू. १७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एम्पायर एअर ट्रेनिंग स्कीमच्या करारावर सह्या केल्या. तीन वर्षांत २८,००० वैमानिक व इतर विमानकर्मी पुरवण्याचे ऑस्ट्रेलियाने कबूल केले. युद्ध संपेपर्यंत ३७,००० हून अधिक ऑस्ट्रेलियन या योजनेतून तयार झाले. शेतावरची, बँकेतली, शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले आधी जमिनीवरच्या शाळेत गणित, हवामान, नौकानयनासारखे दिशाशास्त्र शिकत. मग प्राथमिक उड्डाणशाळेत टायगर मॉथवर साधारण ५० तास. टायगर मॉथ म्हणजे दुहेरी पंखांचे, उघड्या कॉकपिटचे, १३० अश्वशक्तीचे हलके विमान. त्याची चाके कायम खालीच असत. तिथे निभावलेल्यांपैकी जे एकइंजिनी विमानांसाठी निवडले जात ते पुढच्या टप्प्यात विरावेपाशी येत. न्यू साउथ वेल्समधल्या वॅगा, युरानक्विंटी आणि डेनिलिक्विन या गावांजवळच्या वायुदलाच्या उड्डाणशाळांत हे शिक्षण चाले. गहू आणि मेंढ्यांचा हा सपाट, कोरडा प्रदेश. वर्षातले बहुतेक दिवस आभाळ निरभ्र, आणि इंजिन बंद पडले तर उतरायला शेते.

टायगर मॉथमधून विरावेत येणे म्हणजे शक्तीत एकदम साडेचारपटींहून मोठी उडी. पण त्या उडीचा अर्थ अश्वशक्तीत पुरता सांगता येत नाही. टायगर मॉथमध्ये हात-पाय आणि कान यांच्यावर भागत असे. विरावेत शिकाऊ वैमानिकापुढे एकदम कामांची रांग उभी राहायची: प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलायचा, चाके आत घ्यायची, मुख्य म्हणजे उतरताना ती पुन्हा बाहेर काढायची, फ्लॅप सांभाळायचे, रेडिओ ऐकायचा आणि हे सगळे ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या यंत्रात. शिवाय विमान क्षमाशील नव्हते. वेग कमी पडला किंवा वळण फार आवळले तर पंखावरची हवा तुटून एक पंख झटकन खाली पडे, आणि त्याची पूर्वसूचना फारशी मिळत नसे. जमिनीजवळ असे घडले तर सावरायला उंची उरत नसे. शेपटीला चाक असलेले विमान असल्यामुळे धावपट्टीवर उतरल्यावरही ते भोवऱ्यासारखे फिरण्याचा धोका असे. या दोषांमुळे माणसे मेली, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. डेनिलिक्विनसारख्या गावांच्या युद्धकब्रस्तानांत विशीतल्या विमानकर्मींच्या थडग्यांची ओळ आहे, आणि शत्रूचे तोंडही न पाहिलेली मुले तिथे आहेत. तरीही शिक्षक म्हणून विरावेचा गुण याच कठोरपणात होता. पुढे ज्या किटीहॉक आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांत या मुलांना बसायचे होते त्यांत शिकवणाऱ्यासाठी मागची जागा नव्हती. पहिल्यांदा बसायचे ते एकट्यानेच. आवळलेल्या वळणात पंख कधी दगा देतो हे हाताला आधीच ठाऊक असलेला मुलगा त्या एकट्या उड्डाणातून जिवंत परतण्याची शक्यता वाढत होती.

याचा पुरावा पोर्ट मोर्सबीत मिळतो. मार्च १९४२ मध्ये टाउन्सविल येथे ७५ क्रमांकाची तुकडी घाईघाईने उभी राहिली, तिला अमेरिकन किटीहॉक विमाने मिळाली, आणि महिन्याच्या आतच ती न्यू गिनीत लढत होती. लढाईचा अनुभव असलेले वैमानिक तिच्यात मोजके होते. बाकीच्यांना किटीहॉकची ओळख व्हायला जेमतेम दिवस मिळाले, आठवडे नव्हेत. तरी या तुकडीने ४४ दिवस पोर्ट मोर्सबीचे आकाश जवळजवळ एकटीने धरले, आणि तिचे प्रमुख जॉन फ्रान्सिस जॅक्सन २८ एप्रिलला लढाईत पडले. काही दिवसांच्या ओळखीवर एखादे नवे, वेगवान, एकासनी विमान लढवता येते ते हाताला आधीचे वळण असेल तरच, आणि ऑस्ट्रेलियात असे वळण लावणारे विमान त्या वेळी विरावे होते. एका की-४३ ची नोंद एका बाजूला आणि हे ४४ दिवस दुसऱ्या बाजूला ठेवले तर कोणते पारडे जड, हे सांगायला नको.

गोनाच्या हकिगतीने झाकलेली दुसरी गोष्ट याहून दुखरी आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर एकही आधुनिक एकासनी लढाऊ विमान नव्हते. न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउल या बंदराचे रक्षण २४ क्रमांकाच्या तुकडीवर सोपवले गेले. तिच्याकडे थोडी हडसन बाँबफेकी विमाने आणि काही विरावे होती. तिचे प्रमुख जॉन लेरू. २० जानेवारी १९४२ रोजी जपानी विमानवाहू नौकांवरून शंभराच्या आसपास विमाने रबाउलवर आली. त्यांना आठ विरावे सामोरी गेली. दहा मिनिटांच्या आत सगळे संपले: तीन विमाने पाडली गेली, इतर कोसळली किंवा निकामी झाली, सहा विमानकर्मी मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले. विरावेचा कमाल वेग ताशी सुमारे ३५० किलोमीटर, झीरोचा ५०० च्या पुढे. या दोन आकड्यांतच निकाल ठरलेला होता. त्यानंतर वरून आलेल्या हुकुमाला लेरू यांनी उत्तर म्हणून एक लॅटिन वाक्य पाठवले. मरायला निघालेले रोमन योद्धे सम्राटाला करीत त्या वंदनाचे. २३ जानेवारीला रबाउल पडले. शिकवणाऱ्या विमानाला जिंकता न येणाऱ्या लढाईत पाठवण्याची ही जबाबदारी सरकारांची आणि सेनापतींची होती. वर्षाच्या शेवटी गोनाजवळ एका विरावेने जपानी विमान पाडले तेव्हा झालेला आनंद समजण्यासारखा आहे, कारण रबाउलच्या आठवणीवर ती फुंकर होती. पण आज, आठ दशकांनंतर, फक्त फुंकर दाखवायची आणि जखम दाखवायची नाही, हे राष्ट्रीय स्मारकाला शोभत नाही. एका विमानाच्या यशामुळे असा समज होतो की विरावे लढाईला पुरेसे होते. ते नव्हते, आणि त्याची किंमत सहा घरांनी मोजली.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि त्यांतला पहिला वजनदार आहे. विरावेला नुसते प्रशिक्षण विमान म्हणणे चूक आहे. वायुदलाच्या कागदोपत्री ते सर्वोपयोगी विमान होते, त्याला पुढे दोन आणि मागे एक मशीनगन होती, बाँब वाहण्याची सोय होती, अमेरिकन नमुन्यापेक्षा त्याची बांधणी सूर मारून बाँबफेक करता यावी म्हणून मजबूत केलेली होती, असे कोणी म्हणेल. हे सगळे बरोबर आहे. ४ क्रमांकाच्या तुकडीने, म्हणजे आर्चर यांच्याच तुकडीने, बुना आणि गोनाच्या मोहिमेत विरावेकडून मोलाचे काम करून घेतले. जंगलात दहा पावलांवरचे दिसत नाही, तिथे वरून तोफांना नेम सांगणे, शत्रूच्या खंदकांच्या जागा हेरणे, अडकलेल्या तुकड्यांना रसद टाकणे ही ती कामे. पण हा आक्षेप माझ्या बाजूनेच साक्ष देतो. त्या मोहिमेतही विरावेचे रोजचे काम विमाने पाडण्याचे नव्हते. पायदळाचे डोळे होण्याचे होते. हळू उडणे, खालचे नीट दिसणे, खराब धावपट्टीवर उतरणे या शिक्षकाच्या गुणांवरच ते उभे होते. ज्या सैनिकांचे प्राण त्या टेहळणीने वाचले त्यांच्या दृष्टीने २६ डिसेंबरचे ते काही सेकंद हा अपवाद होता. अपवाद जपून ठेवावा, पण त्याच्यावरून सगळ्या विमानाची ओळख ठरवू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ते जपानी विमान पाडले नसते तर ए२०-१०३ ही भंगारात गेले असते, मग आज दाखवायला उरले काय असते? खरे आहे. संग्रहालयांत वस्तू पोहोचतात त्या बहुधा अशा प्रसंगांच्या बोटाला धरून. पण वस्तू कशामुळे वाचली आणि ती काय सांगते हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. शिवाय दाखवायला इतर विमाने आहेत. मेलबर्नच्या मूराबिन विमानतळावरच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल एव्हिएशन म्युझियममध्ये ए२०-१० आहे, म्हणजे पहिल्या ४० विमानांच्या तुकडीतले एक. न्यू साउथ वेल्समधल्या टेमोरा या गावात, जिथे युद्धकाळात टायगर मॉथची उड्डाणशाळा होती, एक विरावे उडण्याच्या स्थितीत राखले आहे. त्यांच्या नावावर एकही पाडलेले विमान नाही. म्हणूनच ७५५ विमानांचे सर्वसाधारण आयुष्य कसे होते हे सांगायला ती अधिक योग्य आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो प्रशिक्षणाच्या गौरवालाच हात घालतो. ज्या योजनेची थोरवी सांगता तिने देश उघडा टाकला, असे अनेक ऑस्ट्रेलियनांना तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. तयार झालेली मुले युरोपात पाठवली गेली, आणि रबाउलला आठ विरावे उरली. ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये सुमारे १०,००० ऑस्ट्रेलियन लढले. त्यांतले ३,४८६ मारले गेले. महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सोसलेल्या मानवी हानीचा हा फार मोठा हिस्सा होता. हा रोष योग्य आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. पण तो रोष मुलांना कुठे पाठवायचे हे ठरवणाऱ्यांवर आहे. लंडन आणि कॅनबेरात बसून ते निर्णय घेतले गेले. शिकवण्याच्या कामावर त्याने डाग लागत नाही. उलट, शिकवणाऱ्या विमानाची गोष्ट नीट सांगायची तर त्या विमानातून उतरलेली मुले पुढे कुठे गेली हे सांगावेच लागते, आणि मग जर्मनीवरचे ते रात्रीचे हल्ले, न परतलेली विमाने, न झालेली लग्ने हे सगळे फलकावर येते. गोनाची हकिगत सांगताना यातले काहीच सांगावे लागत नाही. म्हणजे प्रशिक्षणावर बेतलेले प्रदर्शन गौरवाचे कमी आणि सत्याचे जास्त होईल, आणि तेच मला हवे आहे.

आणखी एक आक्षेप उद्योगाबद्दलचा: परवाना घेऊन दुसऱ्याचे विमान बनवले, यात स्वतःचे काय? याचे उत्तर चार महिन्यांच्या आत मिळाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये, जपान दाराशी आला असताना, याच कारखान्याला लढाऊ विमानाची मागणी आली. आराखडा फ्रेड डेव्हिड यांनी आखला. हे ऑस्ट्रियातून आलेले ज्यू निर्वासित, आधी हाइन्केलकडे आणि मग जपानी कंपन्यांत काम केलेले. कायद्याच्या नजरेत तेव्हा शत्रुराष्ट्राचे नागरिक. विरावेचे भाग, साचे, हत्यारे आणि कारागीर तयारच होते. १,२०० अश्वशक्तीचे इंजिनही देशात बनत होते. २९ मे १९४२ रोजी बूमरँग उडाले. चार महिने लागले नाहीत. एकूण २५० बूमरँग बनली. त्यांच्या नावावर हवेत विमान पाडल्याची एकही खात्रीची नोंद नाही, तरी त्यांनी जमिनीवरच्या सैन्याला न्यू गिनी आणि बोगनव्हिलमध्ये चांगली साथ दिली. पाडलेल्या विमानांच्या मापाने मोजायचे तर प्रशिक्षण विमान लढाऊ विमानापेक्षा श्रेष्ठ ठरते. एवढ्यावरूनच ते माप किती कामाचे आहे हे कळावे. या कारखान्याने पुढे मस्टँग आणि सेबर ही विमाने बनवली, आणि त्याच फिशरमन्स बेंडमध्ये आज बोइंगच्या ७८७ विमानाच्या पंखांचे भाग तयार होतात.

याच प्रश्नाला आपल्याकडेही जवळजवळ त्याच वर्षांत सामोरे जावे लागले होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. ब्रिटिश सरकारचा उत्साह बेताचाच होता, म्हैसूर संस्थान पाठीशी उभे राहिले, आणि १९४१ साली तिथे पहिले जुळणी होऊन उडालेले विमान होते अमेरिकन हार्लो, म्हणजे प्रशिक्षणाचेच. युद्धामुळे कंपनी सरकारच्या आणि मग अमेरिकन वायुदलाच्या दुरुस्तीकामाच्या ताब्यात गेली, म्हणून विरावेसारखी सलग बांधणी तिथे झाली नाही. याच काळात सिडनीत बनलेली टायगर मॉथ विमाने भारतीय वायुदलाला पुरवली गेली. नॉर्थ अमेरिकनच्या त्याच कुळातले हार्वर्ड भारतीय वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांना वरच्या टप्प्याचे शिक्षण देत राहिले, विरावेचे जणू चुलत भावंड. आणि स्वतंत्र भारताने पहिले विमान स्वतः आखले तेव्हाही ते प्रशिक्षणाचेच होते. कोल्हापूर भागातले, ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली आखलेले एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि पुढे दीडशेहून अधिक बनले. बंगळूरच्या एचएएल हेरिटेज सेंटरमध्ये ते पाहायला मिळते. त्याने कुणाला पाडले, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. ते कशासाठी उभे आहे हे पाहणाऱ्याला सरळ कळते. आणि ज्या देशाला विमान बनवायला शिकायचे आहे तो सुरुवात शिकवणाऱ्या विमानापासून करतो, हा मेलबर्न आणि बंगळूर या दोन्ही ठिकाणचा क्रम योगायोगाचा नाही. अशा विमानात वेग कमी, शस्त्रे जवळजवळ नाहीत, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळतो.

युद्ध संपल्यावरही विरावेचे काम थांबले नाही. युरानक्विंटीचा तळ १९४८ पासून काही वर्षे युरोपातून आलेल्या निर्वासितांची छावणी होता, आणि १९५० च्या दशकात तिथे पुन्हा उड्डाणशाळा भरली. नौदलाने विरावे १९५७ मध्ये निवृत्त केले, वायुदलाने १९५९ मध्ये, आणि त्याची जागा त्याच कारखान्याच्या विंजील या विमानाने घेतली. मग त्या जुन्या सांगाड्यांचे भाग वापरून शेतांवर खत फवारणारे सेरेस हे विमान तयार झाले. ती २१ बनली. एका विमानाचे भाग पुढच्या विमानात, एका कारागिराचे कसब पुढच्या कारागिरात आणि एका शिकाऊ मुलाची चूक पुढच्या मुलाच्या सावधपणात गेली. हा प्रवास दाखवणे शक्य आहे आणि त्यासाठी नवे संशोधनही लागत नाही. ऑस्ट्रेलियन वायुदल प्रत्येक विमानाचे एक नोंदपत्र ठेवत असे: ते कधी हाती आले, कोणत्या तुकडीत गेले, कधी आपटले, कुठे दुरुस्त झाले, कधी नोंदीतून काढले. ही नोंदपत्रे नॅशनल आर्काइव्हज ऑफ ऑस्ट्रेलियात जपलेली आहेत. वॅगा, युरानक्विंटी आणि डेनिलिक्विन या शाळांत राबलेल्या दहा-वीस विमानांची नोंदपत्रे मोठी करून ए२०-१०३ च्या शेजारच्या भिंतीवर लावावीत, त्यांखाली रबाउलच्या आठ विमानांची, आणि गोनाची हकिगत त्यांच्यामध्ये तिच्या तारखेच्या जागी असावी.